कळसूबाईच्या वाटेवर दोन वह्या

बारावीची परीक्षा आणि कॉलेजचे प्रवेश यांच्या मधली सुट्टी मोठी विचित्र असते. मुलांना अभ्यास नसतो आणि पालकांना झोप नसते. मुलं पाय पसरून मोबाइल बघत बसतात आणि त्याच मोबाइलवर दिवसातून चार वेळा कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचा फोन येतो, ‘सीट ब्लॉक करायची का?’

मे महिन्याच्या शेवटी आमच्या नाशिकच्या घरी अशा दोघी जणी होत्या. एक माझी इंदूरची भाची. दुसरी पुतणी, ती दोन गल्ल्या सोडून राहते, पण सुट्टीत आमच्याकडेच असते. एक मला मावशी म्हणते, दुसरी काकू, आणि दोघी मिळून दिवसभर खातात. भाचीला पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात डेटा सायन्सची चार वर्षांची बी.एस्सी. करायची होती. पुतणीला इंजिनिअरिंग. दोघींना डोंगरावरही जायचं होतं, आणि तो डोंगर ठरला होता कळसूबाई.

मी होकार दिला, पण एका अटीवर. डोंगरावर जायचा बेत तुम्हीच आखायचा, कुठून चढायचं, किती पाणी, किती वाजता मागे फिरायचं, सगळं. आणि ज्या कोर्सला जायचं त्याचा पहिल्या दिवसापासून शेवटच्या परीक्षेपर्यंतचा खर्चही तुम्हीच काढायचा. दोन वह्या आणून दिल्या. एकीवर त्यांनी ‘डोंगर’ लिहिलं, दुसरीवर ‘फी’.

नाशिकहून घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की साधारण दोन तासांत बारी गाव येतं. मुंबईकडून येणारे कसारा किंवा इगतपुरी स्टेशनवर उतरून जीपने येतात. बारी हे अकोले तालुक्यातलं गाव, वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. गावाच्या डोक्यावरच १६४६ मीटर उंचीचं शिखर उभं आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. खालून बघितलं की ते फारसं उंच वाटत नाही, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

आम्ही शनिवारी दुपारी पोहोचलो. उतरायची सोय गावातल्याच एका घरी होती. घरधनी वाटाड्याचं काम करतात, आम्ही त्यांना दादाच म्हणत होतो. संध्याकाळी त्यांनी आम्हाला ओढ्याकडेच्या झाडांपाशी नेलं. पावसाच्या आधीचे दोन-तीन आठवडे या पट्ट्यात काजवे असतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि एका तालात लुकलुकतात. आख्खं झाड पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं. दादांनी मोबाइलचे टॉर्च बंद करायला लावले. काजव्यांचा उजेड म्हणजे जोडीदाराला घातलेली साद, आपला टॉर्च मध्ये आला की ती साद पोहोचत नाही. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. तरी पलीकडच्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे आणि गाणी चालूच होती. त्यावर दादा काही बोलले नाहीत, मीही बोलत नाही.

रात्री नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. जेवताना भाचीने ‘डोंगर’ वही वाचून दाखवली आणि दादांनी परीक्षकासारखी ऐकली. माणशी तीन लिटर पाणी. बरोबर. ओआरएसची पाकिटं. बरोबर. नवे बूट. ‘नवे नको, घासलेले जुने घाला, पण तळाला खाचा पाहिजेत.’ परफ्यूम, डिओ काही नाही, कारण कड्यांना आग्या मोहोळं असतात. वास आणि धूर दोन्ही त्यांना खपत नाही. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. गळ्यात शिट्टी. अडकलं तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. ही खूण जगभर चालते.

विजेचं पान पुतणीने लिहिलं होतं. फिजिक्सची आवड असलेली मुलगी. ‘वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचे. जेवढे येतील तेवढे किलोमीटर. सेकंद तीसपेक्षा कमी भरले तर उंचावरून खाली निघायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.’ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅपही तिने टाकून घेतलं होतं. दादांनी त्यात एकच भर घातली, ‘शिडीला हात असताना वीज कडाडली तर काय, ते लिहा. कळसूबाईला लोखंड फार आहे.’ खरं आहे. कड्यांच्या ठिकाणी लोखंडी शिड्या आणि कठडे लावलेले आहेत. एरवी ते जीव वाचवतात. वादळात त्यांच्यापासून लांब राहायचं.

मागे फिरायची वेळ त्यांनी साडेदहा लिहिली होती. शिखर येवो न येवो, साडेदहाला उतरायला लागायचं, कारण मेअखेरीला ढग दुपारी भरून येतात आणि उन्हाचा तडाखाही तेव्हाच असतो. दादांनी त्या ओळीखाली बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘हे सगळेच लिहितात.’

मग ‘फी’ वही निघाली. खरं तर ती तिथे काढायची नव्हती, पण दादांची मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे हे कळलं आणि विषय तिकडे गेला.

भाचीच्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात वर्षाची फी १,८०,००० रुपये छापलेली. घरात सगळे चारने गुणून सात लाख वीस हजार म्हणत होते. तिने बारीक अक्षर वाचलं होतं, ‘फीमध्ये दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढ होऊ शकते.’ तशी वाढ धरली तर चार वर्षांचे होतात ८,३५,३८०. म्हणजे फक्त त्या एका ओळीचे १,१५,३८०. वर होस्टेल आणि मेस, वर्षाला १,२०,००० प्रमाणे ४,८०,०००. एकूण तेरा लाख पंधरा हजारांच्या वर, आणि यात अनामत, परीक्षा शुल्क, लॅपटॉप, इंदूर-पुणे प्रवास अजून आलेलाच नाही.

‘बाबा म्हणतात कर्ज काढू,’ ती म्हणाली. मग कर्जाचंही पान होतं. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत घरचा हिस्सा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून धावतं. दहा लाख, दहा टक्के, दहा वर्षं धरली तर महिन्याला सुमारे १३,२०० रुपयांचा हप्ता. ती म्हणाली, ‘मावशी, पहिल्या नोकरीत मला मिळणार किती, हे पुस्तकात मोठ्या अक्षरात आहे. हप्ता कुठेच नाही.’

पुतणीची गोष्ट निराळी. ती महाराष्ट्रातली, इतर मागासवर्गातली, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने अशा मुलींना, म्हणजे ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आधी ही सवलत निम्मी होती. पण प्रवेश सरकारी केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅपमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत गेली. तिच्या वडिलांना मार्चमध्येच एका एजंटाने ‘आत्ताच सीट पक्की करा, कॅपच्या भानगडीत पडू नका’ असं सांगितलं होतं. तो एक सल्ला मानला असता तर किती रुपयांना पडला असता, हे तिने लाल पेनने लिहून ठेवलं होतं. आणि त्याच्या खाली कागदांची यादी: डोमिसाइल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. हे कागद निकालानंतर काढायला गेलं की सेतू केंद्रात रांग लागते. मेमध्येच अर्ज केलेला बरा.

इंदूरच्या मुलीला यातलं काही लागू नाही, कारण ती मध्य प्रदेशची रहिवासी. हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्यातली कितीतरी मराठी घरं इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू इथे पिढ्यानपिढ्या आहेत आणि मुलांनी पुण्याला शिकावं अशी त्यांची हौस असते. भाषा आपली असली तरी सवलत डोमिसाइलवर मिळते. उलट भाचीला तिच्याच राज्यात मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना होती. मध्य प्रदेश बोर्डात बारावीला ७० टक्के किंवा सीबीएसईला ८५ टक्के आणि उत्पन्नाची अट बसली तर सरकारी कॉलेजातल्या पदवीची फी सरकार भरतं. तिला सीबीएसईचे ८८ टक्के. तिच्या घरी योजनेचं नाव माहीत होतं, पण ‘ते आपल्याला नसतं’ असं कोणीतरी ठरवून टाकलं होतं.

दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘आमच्या पोरीला फीचा त्रास नाही झाला, ताई. शिष्यवृत्तीत बसली. राहायचा झाला.’ आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात पहिल्या यादीत नंबर लागला नाही. वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी मुलांना राहण्याजेवणासाठी थेट खात्यात रक्कम देणारी स्वयंम योजना आहे, पण पैसे हातात येईपर्यंतचं भाडं त्यांनी उसनं काढून भरलं. ‘फी माफ म्हणजे शहर माफ नाही,’ एवढं बोलून ते झोपायला गेले.

पहाटे पाचला निघालो. पहिला टप्पा भातखाचरांतून आणि खालच्या कळसूबाईच्या देवळापर्यंत सरळ. तिथून चढ लागतो. या देवीची कथा अहमदनगरच्या जुन्या गॅझेटिअरमध्येही आहे आणि गावातही सांगतात. कळसू ही रानात भटकायची आवड असलेली कोळ्याची मुलगी. पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी कामाला राहिली, अट एकच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. (‘इंदोरे’ ऐकून आमची इंदूरवाली खूश.) काही दिवस बरे गेले. एकदा पाहुणे आले आणि घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला, केर आवरायला लावलं. तिने मुकाट्याने सगळं केलं, आणि उठून डोंगरावर गेली ती जन्मभर तिथेच राहिली. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. मला या कथेत देवीपेक्षा ती मुलगी जास्त आवडते. कामाला लागायच्या आधी अट सांगणारी.

चढणारा साधारण तीन ते चार तासांत वर पोहोचतो. पण तो रविवार होता. पहिल्या शिडीशी आम्हाला वीस मिनिटं थांबावं लागलं, दुसरीशी त्याहून जास्त. रात्री चढून सूर्योदय बघून उतरणारे आणि आमच्यासारखे चढणारे एकाच शिडीवर. काही जण उतरताना शिडीकडे पाठ करून, एका हातात मोबाइल धरून. शिडी उतरताना तोंड शिडीकडेच हवं, आणि वरचा माणूस पूर्ण उतरल्याशिवाय खालच्याने पाय ठेवायचा नाही. घसरलेला एक माणूस खालच्या तिघांना घेऊन जातो. दादा हे प्रत्येक शिडीशी अनोळखी लोकांनाही सांगत होते. काही ऐकत होते.

मधे झोपड्यांमधून लिंबू सरबत, ताक, काकडी मिळते. गावच्या बायका पहाटे हे सगळं डोक्यावर घेऊन चढतात. वीस रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांनी ती चढण एकदा आठवावी.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिथे पोहोचलो तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. वर रांग दिसत होती, चाळीसेक माणसं. अलंग, मदन आणि कुलंग या तिन्ही गडांच्या मागे ढगांचे पांढरे गठ्ठे फुगायला लागले होते. वीज नाही, गडगडाट नाही. दामिनी अ‍ॅपही गप्प.

‘काकू, फक्त अर्धा तास,’ पुतणी म्हणाली. शिखर हाताच्या अंतरावर दिसत होतं, शेंदरी देऊळ सुद्धा.

मी काही बोलले नाही. बेत त्यांचा होता. भाचीने घड्याळ बघितलं, वर बघितलं. ‘रांगेतच पाऊण तास जाईल. मग वर थांबणार, फोटो काढणार, आणि उतरताना परत रांग. एक वाजेल इथेच.’ दोघी थोड्या भांडल्या. पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाठीवरच्या पिशव्या उचलून दोघी खाली वळल्या.

वरून काय दिसतं ते मी आधीच्या फेऱ्यांमध्ये पाहिलेलं आहे. दक्षिणेला रतनगड आणि हरिश्चंद्रगड, खाली प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचं पाणी. ते १९२६ मध्ये पूर्ण झालं, विल्सन धरण म्हणतात. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर त्र्यंबकचे डोंगर. देऊळ इतकं लहान की दोन-चार माणसांनी भरतं. दिवाळीनंतर या सगळ्याला जी धार येते ती मेच्या धुरकट हवेत नसते. पण हे त्या वेळी सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

आणि पाऊस पडलाच नाही. दुपारी ढग आले, रेंगाळले आणि विरून गेले. शिखरावर गेलेले सगळे हसत खाली आले. पुतणी बारीत बसून त्यांचे सेल्फी बघत होती आणि माझ्याशी तासभर बोलली नाही. दादांनी तिला ताक दिलं आणि एवढंच सांगितलं, ‘वीस वर्षं माणसं वर नेतोय. विहिरीपासून स्वतःहून परत फिरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत.’

उतरताना रेंज आली तसा भाचीचा फोन वाजला होता. विद्यापीठाचा. आज रात्री बारापर्यंत ५०,००० भरले नाहीत तर सीट दुसऱ्याला जाईल, आणि रक्कम परत मिळत नाही. तिने दगडावर बसून विचारलं, ‘प्रवेश रद्द केला तर परताव्याचा नियम काय, ते ईमेलवर पाठवाल?’ पलीकडून ‘सरांना विचारून सांगते’ असं उत्तर आलं.

परताव्याचा नियम तिला माहीत होता. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, त्यातून फार तर पाच टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापता येतात. नंतर ९०, ८०, ५० टक्के असं उतरत जातं, आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की शून्य. मूळ गुणपत्रिका, दाखले अडकवून ठेवायलाही मनाई आहे. अलीकडे यूजीसी वर्षासाठी वेगळ्या तारखाही देते; २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून, असं होतं. आपल्या वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक शिक्षणाला एआयसीटीईचे नियम आहेत. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते, त्याहून एक रुपया जास्त मागितला तर पावती मागा.

संध्याकाळी इंदूरहून तिच्या बाबांचा फोन. ते एफडी मोडायला तयार होते. ‘पन्नास हजारांसाठी तुझं स्वप्न जायला नको, बेटा.’ भावजींचा आवाज ऐकून मलाच भरून आलं. भाचीने वही उघडून त्यांना तेरा लाख पंधरा हजारांचा हिशोब वाचून दाखवला, ओळ न ओळ, मग हप्ता, मग मेधावी योजना. पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. मग ते म्हणाले, ‘हे मला कोणी सांगितलंच नाही.’

रात्री बारा वाजले, पैसे भरले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्याच विद्यापीठाचा फोन आला. शेवटची तारीख दहा दिवसांनी वाढवली होती.

भाचीने इंदूरच्या सरकारी कॉलेजांचे अर्ज भरले आहेत. पुण्याचं नावही यादीत ठेवलंय, परताव्याचा ईमेल आला तर विचार करू म्हणते. तो अजून आलेला नाही. पुतणीची कॅपची नोंदणी झाली, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला हातात आहे. कळसूबाईचं शिखर दोघींचं राहिलंय. दादांनी सांगितलंय, नोव्हेंबरात या, आणि रविवार सोडून या.